कपाशीच्या किडींमागचा खंड

संदर्भाची पुस्तकं घरी न्यायला मिळत नाहीत, म्हणून संशोधन करणारी मंडळी ती तिथल्या तिथेच लपवून ठेवतात. अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ही खोड जुनीच. रागिणीनेही वऱ्हाडातल्या जुन्या कोर्टनिकालांचा एकुलता एक खंड कायद्याच्या कपाटातून उचलला आणि शेतकीच्या कपाटात, कपाशीच्या किडींवरच्या पुस्तकांमागे सारला. शेतजमिनीतल्या मुलींच्या वाट्याचे निकाल त्यातच होते. काम झालं की लगेच परत ठेवू, असं तिने ठरवलं होतं. ठरवायला काय लागतं?

अकोल्याच्या जुन्या शहरातली अनीसा रागिणीच्याच मार्गदर्शक सरांकडे पीएचडी करत होती. त्याच खंडातला एक निकाल तिने आधीच उतरवून प्रबंधात घेतला होता. सरांनी मूळ पुस्तक मागितलं, तर ते जागेवर नाही.

"नसलेल्या पुस्तकातून लिहितेस का?" सर सगळ्यांसमोर म्हणाले. अनीसाचा चेहरा पडला. शेजारी रागिणी मूग गिळून बसली होती.

त्यानंतर तिला घास गोड लागेना. एका शब्दाचं काम होतं, आणि तोच तोंडातून निघत नव्हता. शेवटी तिने खंड गुपचूप जागेवर ठेवला आणि अनीसाला फोन केला, "सापडलं वं पुस्तक. कपाटातच होतं." सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. लाजही वाटली, पण थोडीच.

अनीसा सकाळच्या बसने आली आणि पुस्तक छातीशी धरून सरांच्या खोलीत गेली. बाहेर आली ती रडवेली होऊन.

"सर म्हनतात, तूच लपोलं असशीन. बोंब झाली तं आनून ठेवलं. आता माह्या कोन्त्याच पानावर त्यायचा भरोसा नाई."

रागिणीला आता कळलं: आपण निस्तरायला गेलो आणि हिलाच चोर ठरवून बसलो.

"मीच लपोलं होतं," ती म्हणाली. "मले माफ कर."

अनीसाने विचारलं, "त्या दिवशी तू माह्या बाजूलेच बसली होती ना?"

"हो."

"मंग माफी मले काहून मांगतेस? सर आत बसले हायेत."

रागिणीच्या प्रबंधावरही याच सरांची सही व्हायची होती. अनीसा सोबत येईल, असं तिला क्षणभर वाटलं. पण अनीसा बाकावर जाऊन बसली. रागिणीने एकटीनेच दार ढकललं.