राखीव गडी

कानस निसटली आणि चन्नवीरचा उजवा हात शिकंजात आवळलेल्या लोखंडी पट्टीच्या धारेवरून सरकत गेला. तो ओरडला नाही. हात पोटाशी धरून खाली बसला, तेव्हा कुठं समोरच्या टेबलावरच्या सिद्धनाथचं लक्ष गेलं. जेवणाची सुट्टी होती. गिरणीच्या वर्कशॉपात दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं.

सिद्धनाथनं त्याला नळापाशी नेलं. अंगठ्याच्या बुडाशी खोल चिरलं होतं. रक्त धुतलं की पुन्हा भरून येत होतं. त्यानं धडशी चिंधी शोधली आणि आवळून बांधली. हात हलका होता त्याचा, दुखू न देता बांधलं. पण अंगठ्याचा जोर नसला तर कानस चालत नाही, हे चिंधी शोधायच्या आधीच त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

"सरांना सांगू नको," चन्नवीर म्हणाला. "चार दिसांत भरून येतंय."

"येतंय की," सिद्धनाथ म्हणाला आणि फरशीवरचं रक्त पुसायला लागला.

दोघंही गिरणीत फिटरचं काम शिकत होते. त्या वर्षी जगभरच्या कारागीर पोरांच्या स्पर्धा कोरियात भरणार होत्या. त्यांचे शिक्षक मानसिंग सर कोरियाचं नाव काढलं की खुर्चीतून उठायचे. "लढाईत बेचिराख झालेला देश! पंचवीस वर्षांत कारखाने उभे केले आणि आता सगळ्या जगाला म्हणतोय, या, आमच्या घरी येऊन हात दाखवा." आधी पुण्यात, मग दिल्लीत निवड झाली. फिटरमध्ये चन्नवीर पहिला आला, सिद्धनाथ दुसरा. पहिल्यानं जायचं, दुसऱ्यानं राखीव राहायचं. पुढच्या स्पर्धेपर्यंत दोघांचंही वय उलटून जाणार होतं.

गिरणीच्या फाटकाशी सत्कार झाला तेव्हा हाराचं तबक धरायला सिद्धनाथला उभं केलं होतं. पेपरात फोटो आला. त्यात चन्नवीर हसत होता आणि कडेला तबक धरलेला एक कोपर दिसत होता. सिद्धनाथनं तो फोटो चहाच्या टपरीवर पाहिला, पेपर घडी करून बाकावर ठेवला आणि चहा अर्धा टाकून उठला. त्या दिवसापासून चन्नवीरचं शीळ घालणंही त्याला सोसेना. त्याची शीळ सुरू झाली की सिद्धनाथ कानस जास्तच जोरात ओढायचा.

सिद्धनाथची आई म्हाळसाबाई मेंढरं दिराच्या हवाली करून सांगोल्याकडून त्याला भेटायला आली होती. तिनं विचारलं, "तू बी जानार न्हवं इमानात?"

"मी राखीव हाय, आये."

"म्हंजी?"

"म्हंजी तयार ऱ्हायाचं."

"मग ऱ्हा की तयार," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुखापतीच्या त्या दुपारी सर कामासाठी बाहेर होते. चन्नवीर कानसेला शिवलाच नाही. नकाशा पुढ्यात घेऊन मापं बघत बसला. पेन्सिल दोनदा त्याच्या बोटांतून गळून पडली. सिद्धनाथनं एकदाही ती उचलून दिली नाही. त्याचा स्वतःचा सरावाचा जॉब त्या दिवशी असा जमला, की दोन तुकडे एकात एक बसवून खिडकीशी धरले तर फटीतून उजेडाची रेघसुद्धा येईना. आणि ते दाखवायला तिथं कोणी नव्हतं.

भोंगा झाला. चन्नवीर हात खिशात घालून निघून गेला. सिद्धनाथनं टेबल झाडलं, हत्यारं पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. मग तासाभरानं, घराकडं न वळता तो सरांच्या गल्लीची वाट चालायला लागला. देशाच्या नावाचा प्रश्न हाय, असं तो मनाशी म्हणत होता. सर, मला सांगायचं नव्हतं, पण. सर, दोस्त हाय माझा, पण. 'पण'च्या पुढचं वाक्य दर वेळी आपसूक येत होतं, याची त्याला लाज वाटली. तरी पाय थांबले नाहीत.

सरांच्या दारात त्यांच्या पत्नी सोजरबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला घेऊन वाट दिली.

"ये, ये," सर आतून म्हणाले. "तुला निरोपच धाडणार होतो. चन्नवीर आत्ताच येऊन गेला."

सिद्धनाथ उंबऱ्यातच थांबला.

"दवाखान्यात टाके घालून आला होता. म्हणाला, सर, मी लपवणार होतो, पण ह्या हातानं देशाची शोभा होईल. सिद्धनाथला धाडा." सरांनी चष्मा काढला. "वर म्हणतो, त्याला रागावू नका. मीच गप बस म्हणालो होतो. दोस्तीपायी त्यानं तोंड उघडलं नाही."

सिद्धनाथ पायाच्या अंगठ्यानं उंबरा खरडत राहिला.

"उद्या दिल्लीला तार करतो. आता तूच जायचं कोरियाला. अरे, बस की! आणि तू कशाला आला होतास?"

"असंच," सिद्धनाथ म्हणाला. "उद्या लवकर येऊ का, ते इचारायला."

सर खूश झाले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सोजरबाईंनी हातावर साखर ठेवली.

गल्लीतून बाहेर पडताना तो स्वतःला बजावत होता, जमलं, जमलं. कोरिया, विमान, पेपरात फोटो, आता पुरा फोटो. पण डोळ्यांपुढं येत होता तो सरांसमोर उभा राहून सांगणारा चन्नवीर. ते सांगायलाही तोच आधी पोचला होता.

तो चन्नवीरच्या खोलीवर गेला. चन्नवीर एकटाच जेवत होता. उजव्या हाताला जाडजूड पट्टी होती. डाव्या हातानं त्याला कडक भाकरी मोडत नव्हती.

"आलास व्हय? बस."

सिद्धनाथ समोर बसला. त्यानं ताटातली भाकरी घेतली आणि घासाएवढे तुकडे करून परत ठेवायला लागला.

"सरांनी सांगितलं?"

"व्हय."

"मग त्वांड का असं?"

सिद्धनाथ तुकडे करत राहिला.

चन्नवीरनं एक घास चावून खाल्ला. "सरांच्या घरातनं निघालो, तवा तू गल्लीत शिरत व्हतास," तो म्हणाला. "हाक मारली. लई घाईत व्हतास, ऐकू गेली न्हाई तुला."

सिद्धनाथचे हात थांबले.

चन्नवीरनं डाव्या हातानं शेंगाचटणीची वाटी त्याच्याकडं सरकवली.

"घे," तो म्हणाला. "आईनं धाडलीय. तिकडं मिळायची न्हाई."