काचेला चिकटलेला कालवा

"बाय, हात काढ. ब्रेकर थांबल्याशिवाय मी सुरी लावायचा नाय," फ्रेमवाला इलियास म्हणाला.

आखातातल्या या शहरात वर्ल्ड कपच्या आधी मुशैरिब भागातली जुनी दुकानं पाडायचं काम त्याच्या शेजारच्या भिंतीपर्यंत आलं होतं. ब्रेकरच्या प्रत्येक दणक्यासरशी टेबलावरची फ्रेम थरथरत होती. उन्हाळ्याच्या नियमाने बाहेरचं काम साडेअकराला थांबणार होतं.

मृणालिनीच्या आईचं विमान पाचला होतं. तिचे बाबा अनंतराव गेले आणि त्यांच्या नोकरीवरचा आईचा व्हिसाही संपला. नाशिकला नेण्यासाठी आईने एकच वस्तू मागितली होती: बाबांनी ओसाकाहून आणलेलं, लाकडी ठशांनी छापलेलं चित्र. शहरातला कालवा, काठावरची गोदामं, छपरांवर बर्फ आणि अगदी उजव्या कडेला नाव. नावेत छत्री धरलेला एक माणूस.

"कागद काचेपासून लांब ठेवणारी आतली पट्टी कुणी काढली?" इलियासने विचारलं.

"बाबांनीच. पट्टीखाली नाव झाकली जायची."

"कमाल साहेबांची! आयुष्यभर एसीचं काम केलं, पाइपाला घाम फुटतो ते कळायचं, काचेला फुटेल ते नाय? कागद बसला चिकटून."

एरवी ती हसली असती.

ब्रेकर थांबला. इलियासने काचेखाली पातळ पातं सरकवलं. छप्पर सुटलं, पण काचेवर पांढरा पापुद्रा राहिला.

"थांबा!"

"बर्फाला शाई नसते, बाय. तिथे कोराच कागद ठेवलेला असतो. वरचा थर गेला तरी खाली पांढराच."

मग गोदामं सुटली, पाणी सुटलं. नावेशी पातं अडलं. इलियासने मान वर केली.

"इथे सगळा रंग आहे. ओढलं तर माणूस काचेवर राहील. ओढू?"

बाबांच्या शेवटच्या वेळी हॉस्पिटलात डॉक्टरही असेच तिच्याकडे बघत थांबले होते.

"नको," ती म्हणाली. "काच कापा. नावेपुरती राहू दे."

"कागद चिकटलेला असताना? वेडीवाकडी तडकली तर नावच चिरेल."

"कापा."

त्याने सुटलेला कागद अलगद खाली वाकवला, मध्ये पुठ्ठा घातला. काच कापायच्या हिरकणीने काचेवर नावेभोवती रेघ ओढली. बोटाने टिचकी मारली. काही झालं नाही. दुसरी मारली. तिसऱ्या टिचकीला काच कट्‌ करून रेघेवरूनच सुटली.

"अल्हम्दुलिल्ला," इलियास पुटपुटला आणि उरलेल्या तळहाताएवढ्या तुकड्याच्या कडांना टेप लावू लागला.

तेवढ्यात आईचा फोन आला. "झालं का गं? नीट गुंडाळून नळीत घाल."

"ते आता गुंडाळता येणार नाही, आई. नावेवर काच ठेवावी लागली. सरळच न्यावं लागेल, मांडीवर."

"मुंबईपर्यंत?"

"नाशिकपर्यंत."



"मग माझी सीट बदलून घे," आई म्हणाली. "खिडकीची माग. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का नको लागायला."