बिशप नावाचा बोका आणि तुमच्या मिशा

तुम्ही चोर आहात. न्यायाच्या खुर्चीवर बसून चोरांना शिक्षा ठोठावता आणि शिपाई पाठवून आमचा बोका पळवता.

बोका कापडावरचा होता, मान्य. पण ते कापड हॅलिफॅक्सच्या आम्हा गिरणीतल्या बायकांनी चहातली साखर सोडून, पैसे वाचवून घेतलेलं. केझाया होल्रॉइडने अंथरुणात बसून त्यावर बोका रंगवला. मताचा हक्क मागितला म्हणून तिला तुम्हीच तुरुंगात धाडलंत. तिथे तिने अन्न सोडलं, मरायला टेकली, तेव्हा घरी पाठवलीत. अंगावर जरा मांस चढलं की पुन्हा आत न्यायची, असा हा नवा कायदा. सगळं गाव त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हणतं. मग मिरवणुकीच्या झेंड्यावर तिने काय काढायचं होतं? बदक?

लठ्ठ बोका, जबड्यात बाई. समोर नमुना म्हणून ऐक्रॉइड खाटकाचा बोका, बिशप, बसवला होता. सॉसेज दिसलं की तो दगडासारखा बसतो.

"केझाया, मिशा जरा जास्तच झाल्या गं," मी म्हटलं.

"ते बिशपला सांग. मी दिसतं ते काढते."

तेवढ्यात सार्जंट सटक्लिफ आला, ती परत नेण्याइतकी बरी झाली का ते बघायला. आत पाऊल टाकलं, समोर झेंडा दिसला, आणि गड्याने टाचा जुळवून डोक्यावरचा टोप काढला! कोर्टात तुमच्यासमोर काढतो तस्साच.

आम्ही झेंड्याकडे पाहिलं. मग सार्जंटकडे. केझायाला हसून हसून खोकल्याची उबळ आली. देवाशपथ, तोवर आमच्या डोक्यात तुम्ही नव्हताच.

"हे तोंड कुणाचं आहे?" सटक्लिफ लालबुंद.

"बोक्याचं."

"मला शिकवू नका बायांनो. कुणाचं?"

"टोप तुम्ही काढलात, सार्जंटसाहेब. तुम्हीच सांगा की!"

दुसऱ्या दिवशी झेंडा जप्त, आणि केझायावर न्यायासनाच्या अपमानाचा खटला. शाबीत झाला तर लगेच आत. तिच्या पोटात अजून रस्सासुद्धा टिकत नाही.

कोर्टात कारकुनाने सटक्लिफला विचारलं, "चित्रात कोण दिसतं?"

त्याने तुमच्याकडे पाहिलं. घाम पुसला. "बोका, साहेब."

"मोठ्याने बोल रे, मागे ऐकू येत नाही!" मागून आमची एक ओरडली.

तुम्ही मेजावर हात आपटलात, खटला गुरुवारवर ढकललात आणि झेंडा ठेवून घेतलात. कोर्टासमोरच्या दुकानात टोपडी घातलेल्या, केकाटणाऱ्या मांजरी छापलेली कार्डं विकतात. त्या मांजरी म्हणजे आम्ही. पुरुष ती विकत घेऊन खिदळतात. ती जप्त करायला कोणी गेलं नाही. आम्हीही कधी रडत कोर्टात आलो नाही.

आता गुरुवारी अपमान शाबीत करायचा तर कुणीतरी उभं राहून म्हणावं लागेल, की तो बोका म्हणजे तुम्ही. सटक्लिफ म्हणणार नाही. तुम्ही म्हणणार? की काहीच न बोलता, केझायाला उभं राहता येत नसताना, तिला पुन्हा उपाशी मरायला आत पाठवणार? काय ते तोंडाने सांगा.