पोटातला पोचा

मी एक जुनी नळी आहे. पाण्याची नव्हे, ऑर्गनची. काही चर्चमध्ये समोरच्या भिंतीला लागून कपाटाएवढं एक वाद्य असतं आणि त्याच्या दर्शनी भागात चकचकीत नळ्यांची रांग असते. तशाच एका रांगेत मधोमध, सगळ्यांत उंच, ती मी. मित्रांनो, माझी हकीकत जरा लाजिरवाणी आहे. पण ती सांगायची असं मी ठरवलं आहे, आणि आता मध्येच थांबणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कथील आणि शिसं वितळवून त्याचा पत्रा ओतला, तो गोल लाकडावर गुंडाळला आणि कडा डाख लावून जोडल्या. माझ्या बहिणींना कारागिराने एकेक करून तोंड कापलं, पायाशी वारा शिरायला भोक ठेवलं आणि प्रत्येकीला फुंकून पाहिलं. माझी पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "ही शोभेची. हिला तोंड आहेसं दिसलं की झालं." त्याने माझ्यावर तोंडाचा नुसता आकार उठवला, पाय बुजवून टाकला आणि अंगभर सोनेरी रंग दिला. मधली नळी उंच नसली तर रांग थिटी दिसते, म्हणून माझी गरज. खालचे जाड सूर काढायला पाठीमागे चौकोनी लाकडी नळ्या होत्याच. त्या काळ्याकुट्ट होत्या आणि कोणाच्या नजरेलाही पडत नव्हत्या.

चर्चमध्ये मात्र सगळा थाट माझा. रविवारी उपासनेत खालचा सूर लागला की बाकं थरथरायची आणि माणसं मान वर करून माझ्याकडे बघायची. "काय आवाज आहे हिचा," असं म्हणायची. सुरुवातीला मला ओशाळल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. पुढे पुढे तर तो आवाज माझाच आहे, असं मलाही वाटू लागलं.

माझ्यासमोर गायनमंडळ उभं राहायचं आणि त्याच्या मध्ये मास्तर. हे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, कमिटीतले सगळ्यांत ज्येष्ठ. कोणाचं लग्न असो की दुखणं, प्रार्थनेला बोलावणं मास्तरांनाच. त्यांच्या प्रार्थनेने भल्याभल्यांचे डोळे भरून यायचे. ऑर्गन वाजवायची त्यांची बायको. तिला सगळे नुसतं बाई म्हणत. बाई फारसं बोलत नसत, पण प्रार्थना लांबली की हळूच एक पट्टी दाबत, आणि मास्तर आमेनवर येत.

चर्चची झाडलोट करायला आणि दारं उघडायला किल्लीमामा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून हे नाव. बावीस वर्षं त्याने ते काम केलं. मला पुढून पुसायला सगळेच धावायचे. मागून पुसायचा तो एकटाच.

एके वर्षी चर्चच्या वर्धापनदिनाची तयारी चालली होती. दुपारची वेळ होती आणि किल्लीमामा जेवायला घरी गेला होता. मास्तर आपल्याजवळच्या जादा किल्लीने आत आले. त्यांनी स्वतः लिहिलेला एक भला मोठा फलक माझ्या डोक्यावर टांगायचा होता. किल्लीमामाने त्यांना बजावलं होतं, "मास्तर, शिडी धरायला कोणी असल्याशिवाय चढू नका." मास्तर चढले. शिडी घसरली, माझ्या पोटावर आदळली आणि बाजूच्या दोन नळ्या वाकवून खाली आली. मास्तरांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, शिडी उचलली, किल्लीमामाच्या खोलीत ठेवली आणि घरी निघून गेले.

संध्याकाळी कमिटी जमली. शिडी किल्लीमामाच्या ताब्यात, किल्ल्याही त्याच्याच. तो एकच सांगत राहिला, "मी केलं नाही." चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, काही सुचेना. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही प्रार्थना करा." आणि मास्तरांनी केली. "ज्याच्या हातून हे घडलं, त्याला कबूल करण्याचं धैर्य दे," असं ते म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं. किल्लीमामानेही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं काम सुटलं.

मी सगळं पाहिलं होतं. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला बजावत राहिले. पण खरं सांगते. त्याच आठवड्यात माझ्या पोटातल्या पोच्यावर पुट्टी भरून मला नवा सोनेरी रंग लावला गेला, आणि त्या रंगाने मी अशी हुरळून गेले की मामा दोन दिवसांत विस्मरणात गेला. पाठीवर धूळ साचू लागली तेव्हा त्याची आठवण आली.

तो कामासाठी जिथे जिथे गेला, तिथून कमिटीकडे चौकशीचं पत्र आलं. चार ठिकाणांहून आलं. उत्तरं लिहायचं काम मास्तरांकडे, कारण त्यांचं अक्षर मोत्यासारखं. आपला निर्णय चुकीचा ठरेल या भीतीने कमिटी म्हणाली, "जे झालं ते लिहा." मास्तरांनी चारही वेळा लिहिलं: कामात हलगर्जी, चूक कबूल करण्याइतका प्रामाणिक नाही. लिहिताना ते माझ्यासमोरच्या बाकावर बसायचे. चौथ्या वेळी पेन बराच वेळ कागदावर टेकवून बसले होते. पण लिहिलं तेच.

अशी सात वर्षं गेली. मागच्या लाकडी नळ्यांना वाळवी लागली आणि खालचा सूर अजिबात बंद पडला. बाईंनी लकडा लावून एका मिस्त्रीला बोलावलं. हा म्हातारा माणूस, कानामागे पेन्सिल, बोलणं फटकळ. त्याने लाकडाचा भुगा हातात घेतला आणि मान हलवली. मग माझ्याकडे वळून बोटाच्या पेराने मला ठोकलं.

"ही कधी वाजलीच नाही वाटतं?"

"ती शोभेची आहे," बाई म्हणाल्या. मास्तर शेजारीच उभे होते.

"धातू चांगला आहे. तोंड कापतो, पाय मोकळा करतो, मागून वारा आणून देतो. ही वाजेल." त्याने परत ठोकलं. "पण पोटात पुट्टी आहे. ती काढून आतून ठोकावं लागेल. मास्तर, जरा धरता का?"

मला उतरवून दोन बाकांवर आडवं ठेवलं. त्याने रंग खरवडला. मित्रांनो, सोनं सोनं म्हणून जे मिरवलं, ते नखाएवढ्या कपच्यांनी जमिनीवर पडत होतं. पुट्टी निघाली आणि माझा पोचा उघडा पडला. मिस्त्रीने त्यावरून अंगठा फिरवला.

"शिडी पडलीय. आणि वर माणूस होता. रिकामी शिडी एवढा पोचा पाडत नाही. किती वर्षं झाली?"

"सात," मास्तर म्हणाले.

"तेव्हाच काढला असता तर अर्ध्या तासाचं काम. आता धातू त्याच आकाराला सरावलाय."

त्याने आत लोखंडी गज घातला आणि ठोकायला सुरुवात केली. मास्तरांनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "शिडीवर मी होतो."

मिस्त्री ठोकायचा थांबला नाही. "मला सांगून काय उपयोग? मी फक्त नळ्या दुरुस्त करतो."

बाई पट्ट्यांसमोर बसल्या होत्या. त्या वळल्या. "अहो, सात वर्षांत तुम्ही इथे उभं राहून किती प्रार्थना केल्यात?" एवढंच विचारलं. मास्तर तसेच पाळकांकडे गेले आणि रविवारी मंडळीसमोर सगळं सांगतो म्हणाले.

पाळकांनी त्यांना आडकाठी केली. "जुनं झालं ते, मास्तर. मंडळीत उगाच खळबळ माजेल. देवाजवळ कबूल केलंत ना, पुरे."

"देवाला आधीपासून माहीत होतं, पाळकसाहेब. माहीत नव्हतं ते मंडळीला."

रविवारी मास्तर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. शिडी, फलक, ती प्रार्थना, चार पत्रं. काही लपवलं नाही. चर्चमध्ये हुंदके ऐकू आले. आणि मग, मित्रांनो, कौतुक सुरू झालं. केवढं मोठं मन! या वयात केवढं धैर्य! माणसं रांग लावून त्यांचा हात हातात घेत होती. पश्चात्तापावर चार शब्द बोलायला मास्तरांनाच बोलवावं, असंही कोणीतरी सुचवलं. मास्तरांचा चेहरा हलका झाला, थोडा उजळलासुद्धा. मी बाकावर अर्धवट खरवडलेली पडून होते. तो उजाळा मी लगेच ओळखला, कारण माझ्या निम्म्या अंगावर अजून तोच होता.

बुधवारी किल्लीमामा आला. सात वर्षांत पहिल्यांदा. तो दारातच उभा राहिला. केस पिकले होते आणि पाठीला बाक आला होता. मास्तर लगबगीने पुढे गेले.

"मामा, आत या ना. माझं चुकलं. मी रविवारी सगळ्यांसमोर..."

"ऐकलं," किल्लीमामा म्हणाला. "तुमचं फार कौतुक झालं म्हणे."

मास्तरांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"इथल्या लोकांसमोर बोललात, चांगलं केलंत. पण इथले मला ओळखतात. निम्म्यांना तेव्हाही पटलं नव्हतं. मास्तर, तुमचं पत्र जिथे गेलं ना, तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. तिथे ते पत्र म्हणजेच मी." त्याने बोटांवर मोजत नावं घेतली. "दवाखाना. छापखाना. तुमचीच शाळा. तिघांनी दारातून परत पाठवलं. चौथं गोदाम. तिथे ओझी उचलायला ठेवलं. रोज संध्याकाळी चाळीस माणसं घरी जातात आणि झडती होते ती माझ्या एकट्याची. परवा माझा नातू मला न्यायला आला होता. त्याने पाहिलं."

"कमिटीला सांगून तुम्हाला इथलं काम परत..."

"काम मागायला आलो नाही," असं म्हणून तो निघून गेला.

मास्तर दारातून आत वळले. माझ्याजवळच्या बाकावर बसले आणि कागद काढला. त्यांनी चार पत्रं लिहिली. या वेळी पेन अडलं नाही. गायनमंडळाच्या प्रमुखपदाचा राजीनामा लिहून पाचवा कागद पाळकांच्या टेबलावर ठेवला आणि बाईंना म्हणाले, "पोस्टाने नाही पाठवत. घेऊन जातो."

पुढचं मी बाईंकडून ऐकलं. मिस्त्री माझं तोंड कापत होता आणि बाई त्याला दिवसाची खबर देत होत्या. दवाखान्यात कोणाला काही आठवतही नव्हतं. मास्तरांनी त्यांना जुनं पत्र शोधायला लावलं आणि नवं त्याच्या जागी ठेवायला लावलं. छापखान्याचा मालक हसला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी आलात?" शाळेत मुख्याध्यापिका म्हणजे मास्तरांचीच विद्यार्थिनी. ती रडकुंडीला आली. "सर, मला सांगितलंत, झालं. बाकीच्यांना कशाला?" मास्तर म्हणाले, "जुनं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं होतंस ना? मग हेही तिथेच वाचूया." आणि ज्यांना त्यांनी खरं बोलायला शिकवलं होतं, त्यांच्यासमोर त्यांनी ते स्वतः वाचलं. तिथे कोणी हात हातात घेतला नाही. एक तरुण शिक्षक उठून बाहेर गेला.

गोदामाचा मालक भेटेचना. "तुमचं चर्चचं भांडण इथे नको," असा निरोप आला. मास्तर तीन दिवस फाटकाजवळ उभे राहिले. रोज सुट्टी व्हायची, चाळीस माणसं बाहेर पडायची, एकाची झडती व्हायची आणि तो एक मास्तरांकडे न बघता निघून जायचा. चौथ्या दिवशी मालक वैतागून बाहेर आला, तेव्हा मास्तरांनी हमालांच्या देखत त्याला सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "घरी आले तेव्हा पाय सुजले होते. आणि मला म्हणाले, जेवायला वाढ, भूक लागलीय. किती वर्षांनी म्हणाले."

इकडे माझा पाय मोकळा झाला. मागून वारा आला. तो पहिल्यांदा अंगात शिरला तेव्हा मी वाजले नाही, खोकले. मिस्त्रीने ओठ थोडा आत दाबला. मी परत खोकले. मला हरायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्यातून एक सूर निघाला. जाड होता, थोडा घोगरा होता. पोचा पूर्ण गेला नव्हता ना! पण माझा होता. कमिटीतले कोणी म्हणाले, मधलीच नळी अशी राखाडी बरी दिसत नाही, रंग द्यावा. बाई म्हणाल्या, "राहू दे तशीच."

मित्रांनो, म्हणून तुम्हाला विनवते. माझ्यासारखी कोणी दिसली तर तिच्या चकाकीवर जाऊ नका. तिच्यात वारा शिरतो का ते पाहा. माझ्या तोंडात धूळ बसू देऊ नका. मला परत पोचा पडला, तर पुट्टी भरू नका, मिस्त्रीला बोलवा. आतून ठोकताना दुखतं, मी सोसलं आहे. तुम्हालाही सोसेल.

त्यानंतरच्या रविवारी उपासना सुरू व्हायची होती. मास्तर गायनमंडळात नव्हते. शेवटून दुसऱ्या बाकावर एकटे बसले होते. दार उघडलं आणि किल्लीमामा आत आला. सरळ त्या बाकापाशी येऊन थांबला.

"सोमवारपासून झडती बंद झाली," तो म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. मग फार हळू विचारलं, "मामा, मला माफ केलंत?"

"अजून नाही," किल्लीमामा म्हणाला. "सरका जरा."

मास्तर सरकले. तो त्यांच्या शेजारी बसला. बाईंनी खालची पट्टी दाबली आणि मी वाजले.