हमदम उस्तादांचा दर्वेश

वाळवंटातल्या यज्द शहरातल्या कलमदानी हवेलीच्या हौदाखाली चारशे वर्षांपूर्वी पुरलेला दर्वेश अजून श्वास घेतो, हे त्रिवार सत्य होतं. शुक्रवारी मात्र तो घेत नसे. शुक्रवारी उस्ताद हमदम यांचा मेव्हणा अस्कर सुटीवर असे. या दोन गोष्टींचा मेळ कुणी घातला नव्हता.

बाहेर बेचाळीस अंश. हौदाच्या खोलीत पन्नास माणसं घामानं निथळत बसलेली. उस्तादांनी टाळी वाजवली, वर तोंड करून "या दम!" म्हणजे "हे श्वासा!" अशी आरोळी ठोकली, आणि थोड्या वेळानं छपरावर उघडणाऱ्या वाऱ्याच्या मनोऱ्यातून गार झुळूक उतरली. बाया रडू लागल्या.

"वीज नाही, यंत्र नाही!" उस्ताद गरजले. "विज्ञानानं इथं मान खाली घातली! ज्याला हा श्वास लाभला, त्याला औषध कशाला?"

मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मेहरंगीजनं मान खाली घातली नाही. तिच्या धाकट्या बहिणीला, तूरानला, जुना दमा होता. तीन दिवसांपूर्वी तिनं आपला इन्हेलर उस्तादांपुढच्या तबकात वाहिला होता. आता तिची छाती शिट्टी वाजवत होती.

"तूरान, इन्हेलर उचल."

"गप्प बस गं ताई. तुझ्या शंकेनं दर्वेशाचा श्वास अडतो."

"त्याचा नाही, तुझा अडतोय."

पुरलेला खाली, मग श्वास वरून कसा? मेहरंगीज उठली आणि जिना चढली.

छपरावर अस्कर नळाशी बसला होता. नळापासून रबरी पाइप मनोऱ्याच्या तोंडाशी गेला होता आणि तिथं ठासलेले जवाशाच्या काटेरी झुडपाचे पेंढे ठिबकत होते.

"या, या खानुम! माझ्या डोक्यावर पाय ठेवून या!" अस्कर गडबडला, पण पाहुणचाराचा रिवाज सुटला नाही. "चहा?"

"दे." तिनं नळ बंद केला, पेंढे उपसून टाकले.

"अहो, दाजी मला फाडून खातील!"

खालून आरोळी आली, "या दम!" मग आणखी मोठी. मनोऱ्यातून भट्टीसारखी झळ उतरत होती. मेहरंगीजनं आत डोकं घातलं. "तूरान!"

आवाज घुमला. खाली पन्नास कपाळं जमिनीला टेकली. "हुकूम करा, दर्वेशबाबा!" तूरान धापा टाकत म्हणाली.

आता "इन्हेलर ओढ" एवढं म्हटलं की काम झालं असतं. मेहरंगीजनं चहाचा घोट गिळला.

"बाबा गेला खड्ड्यात! मी तुझी ताई. नळ बंद केलाय. ज्याला शंका असेल त्यानं वर येऊन बघावं!"

माणसं आली, उस्तादही आले. "श्रद्धेचा अपमान!"

"पाणी सुकताना हवेतली उष्णता घेतं," मेहरंगीज म्हणाली. "हवा गार होते, जड होते, खाली उतरते. जुन्या गवंड्यांची अक्कल आहे ही. तुमच्या छपरांवरचे कूलर तरी दुसरं काय करतात? त्यांना नवस बोलता का?"

"मग शुक्रवारी श्वास का नसतो?" एकानं विचारलं.

"शुक्रवारी मी नसतो ना," अस्कर प्रामाणिकपणे म्हणाला.

मेहरंगीज धावत खाली आली, मागोमाग माणसंही उतरली. तूराननं तबकातून इन्हेलर घेतला होता. दोनदा ओढून ती म्हणाली, "चारचौघांत शोभा केलीस माझी. महिनाभर बोलणार नाही."

"नको बोलूस. श्वास घे. आणि तुम्ही सगळे, पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी छपरावर जाऊन या!"

दुपार कलल्यावर कुणीतरी पेंढे परत ठासून नळ सोडला. टाळी नाही, आरोळी नाही, तरी खोली अठ्ठावीस अंशांवर आली. आत फक्त एक मांजर झोपलं होतं.