काचेआडचे बाण

मी गणित विभागाच्या दाराशेजारचा फलक बोलतोय. मी लोकांशी खोटं बोललो, आणि तेही सुंदर अक्षरात. आता खरं सांगायला तोंड उघडलंय, तेव्हा मध्ये कोणी बोलू नका.

मी मूळचा एका जुन्या कपाटाचं दार. कपाट मोडीत निघालं, पण मी धडधाकट होतो, म्हणून विभागातल्या एका शिक्षकांनी मला उचलून आपल्या खोलीत नेलं. त्यांना सगळे बाणसर म्हणत, कारण फळ्यावर ते शब्द कमी आणि बाण जास्त काढत. त्यांनी मला घासलं, निळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले आणि बारीक ब्रशने पांढरे चौकोन आखले. एका चौकोनात एक पेपर. खाली पहिलं वर्ष, मध्ये दुसरं, वर तिसरं. कोणता पेपर कोणत्या वर्षी मिळतो आणि कशाच्या आधी घ्यायचा, ते दाखवणारे बाण. आणि अगदी वरच्या ओळीत या वाटा जिथे पोचतात ती माणसं: शिक्षक, हवामानाचा अंदाज बांधणारे, गुप्त संदेशांना कुलूप लावणारे, पाहणीचे आकडे वाचणारे, विमा कंपनीत जोखीम मोजणारे.

दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत आईबाप दारात येऊन एकच प्रश्न विचारत, "गणित घेऊन पोरगं पुढे करणार काय?" सरांना त्याचा वीट आला होता. मला भिंतीवर टांगताना ते म्हणाले, "माझं तोंड दुखलं बाबा. आता तू बोल."

माझ्या खालच्या कडेला त्यांनी एक ओळ लिहिली होती. 'दर वर्षी प्रवेशाआधी तपासावे.' आणि ते तपासतही. स्टुलावर चढायचे, टर्पेंटाइनच्या फडक्याने बंद झालेला पेपर पुसायचे, नवा लिहायचे, बाण वळवायचे. विभागाचा कारकून थट्टा करायचा, "काय सर, लग्न ठरलंय की काय फलकाचं? दर वर्षी नटवताय!"

"हसू नकोस," सर म्हणायचे. "यातला एक बाण चुकला, तर कोणाचं तरी वर्ष जातं."

सर निवृत्त झाले आणि मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. नव्या विभागप्रमुखांना त्यांच्याबद्दल फार आदर. त्या आदराने माझं वाटोळं केलं. साहेबांनी सुतार बोलावला, जाडजूड चौकट केली, वर काच बसवली, आठ स्क्रू पिळले. वरच्या बाजूला सरांच्या नावाची पितळी पट्टी ठोकली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. चौकटीची खालची पट्टी नेमकी त्या 'दर वर्षी तपासावे' वर बसली. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून मला ब्रश लागला नाही. रोज सकाळी शिपाई काच मात्र चकचकीत पुसायचा.

मग संभाव्यता शिकवणारे शिक्षक सोडून गेले. संभाव्यता म्हणजे पोरं ज्याला प्रोबॅबिलिटी म्हणतात तो पेपर. उरलेल्या माणसांत तो दर वर्षी शिकवणं जमेना, म्हणून एक वर्षाआड शिकवायचं ठरलं. तसं परिपत्रक निघालं आणि कारकुनाने ते ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. गंमत बघा. एक कपाटाचं दार खरं सांगत होतं, पण ते कुलपात. आणि मी भर रस्त्यात उभा राहून सांगत होतो की संभाव्यता दुसऱ्या वर्षीही आहे आणि तिसऱ्याही!

दोन विद्यार्थी फसले. एकाचं वर्ष गेलं, दुसऱ्याने गणितच सोडलं. त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. बिचाऱ्यांना वाटलं, आपणच नीट वाचलं नसेल.

तिसरी ती. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली मुलगी. प्रवेशाच्या दिवशी आईला घेऊन आली. आई शिवणकाम करायची, कामावरून तशीच उठून आली होती, मापाची टेप गळ्यात तशीच.

"आई, हे वर बघ. विमा कंपनीत जोखीम मोजणारे. मला हे व्हायचंय."

"मोजायचंच असेल तर माझ्याकडे टेप आहे की," आई म्हणाली. पण मग ती पुढे झाली. काचेवर बोट ठेवून तिने खालपासून वरपर्यंत एकेक बाण वाचला. "म्हणजे हा झाला की हा, मग हा, आणि मग तिथे. असंच ना?"

"असंच."

"लिहिलंय ना इथे? मग घे गणित. पण आधी कागदावर नीट आखून घे. आखल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही आपण."

मुलगी तिथेच फरशीवर बसली आणि चौकोन आखलेल्या कागदावर तिने मला बाणाबाणाने उतरवून घेतलं. तीन वर्षं आखली. मी वरून बघत होतो. कारकून माझ्यासमोरच उभं राहून परिपत्रकाबद्दल बोललेला, त्यामुळे मला सगळं ठाऊक होतं. पण मला फक्त अक्षरं दिली होती, आवाज नाही.

दुसऱ्या वर्षी संभाव्यता आणि तिच्या आवडीची नंबर थिअरी एकाच तासाला आली. मैत्रीण म्हणाली, "प्रोबॅबिलिटी आत्ताच उरकून टाक ना." ती म्हणाली, "ती पुढच्या वर्षी पण आहे गं. हे काय, फलकावर दिसतंय." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी भिंतीवरून खाली कोसळावं असं वाटलं मला. पण सुताराने खिळे फार चोख ठोकले होते.

तिसरं वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात विमा कंपनीने तिला निवडलं. अट एकच होती, पदवीसोबत संभाव्यता पास हवी. सत्र सुरू झालं आणि वेळापत्रकात तो पेपरच नाही! ती साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं.

"परिपत्रक काढलं होतं आम्ही," साहेब म्हणाले.

"कुठे लावलं होतं, सर?"

कारकुनाने कपाट उघडून दाखवलं.

"हे आम्ही कसं वाचणार? बाहेर फलकावर तर दोन्ही वर्षी लिहिलंय."

"अगं, फलकावर काय विसंबतेस? ती सरांची आठवण आहे. ती काही माहिती नव्हे."

आठवण! मग मला दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर कशाला टांगलंत? आठवणी घरातल्या भिंतीवर लावतात. ज्या दारातून पोरं आयुष्य ठरवायला येतात तिथे नाही लावत.

ती बाहेर आली. रडली नाही. माझ्या काचेवर मूठ आपटून म्हणाली, "खोटारडा!" आजही तो शब्द माझ्या अंगात रुतून आहे, कारण तो खरा होता.

दुसऱ्या दिवशी आई आली. आवाज चढवला नाही. कारकुनाला एवढंच म्हणाली, "मी बोट ठेवून वाचलं होतं हो. आमचं माप चुकलं तर कापड आमच्या पदरचं जातं. तुमचं चुकलं तर कुणाचं जातं?" कारकून टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिला.

मुलीने पितळी पट्टीवरून सरांचं नाव घेतलं, कारकुनाकडून पत्ता घेतला आणि पत्र लिहिलं. आठवड्याभरात सर दारात उभे, सोबत ती आणि तिची आई. केस पांढरे झालेले. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"पेचकस आहे कुणाकडे?"

मुलीच्या आईने पिशवीतून शिलाई मशीनचा पेचकस काढून दिला. सर स्क्रू काढायला लागले तसे साहेब धावत आले. "सर, अहो हे काय करताय? तुमचाच सन्मान आहे तो!"

"सन्मान? माझ्या अक्षरात पोरांना फसवलंत, आणि वर माझं नाव ठोकलंत! लाज नाही वाटली?"

आठ स्क्रू निघाले. काच उतरली. खालची ओळ उघडी पडली आणि सगळ्यांनी ती वाचली. मग सर मुलीकडे वळले. "पोरी, चूक माझ्या हातून झाली नाही, पण अक्षर माझंच आहे. पेपर मी शिकवतो."

जादा वर्गाच्या परवानगीवर साहेबांना सही करावी लागली. दुपारच्या रिकाम्या वर्गात सरांनी तिच्यासह अशाच अडकलेल्या सात जणांना संभाव्यता शिकवली. ती उत्तम पास झाली. पण परीक्षा उशिरा झाली, निकाल उशिरा लागला आणि कंपनीने तोवर तिची जागा दुसऱ्याला दिली. ती पुढच्या तुकडीत लागली. म्हणजे वर्ष गेलंच. सर म्हणायचे तसंच झालं.

जाताना सरांनी ब्रश तिच्या हातात दिला. आता प्रवेशाआधी ती अर्ध्या दिवसाची रजा काढून येते, स्टुलावर चढते, विचारून विचारून एकेक बाण तपासते. तिचं अक्षर सरांच्या अक्षराइतकं देखणं नाही. पण खरं आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळंच आहे. विभागाला पन्नास वर्षं होताहेत, आणि साहेबांना पुन्हा हुक्की आलीय. काल सुतार येऊन माझं माप घेऊन गेला. या वेळी म्हणे काच आणखी जाड असणार.

तुम्ही जे कोणी गणित घ्यायला या दारात याल, त्यांना हात जोडून सांगतो. ब्रश माझ्या मागच्या खिळ्याला टांगलेला आहे. माझ्यावर काच दिसली तर मला वाचू नका, माझ्यावरून काही आखू नका. आधी काच फोडा. मला थोडं खरचटेल, पण तुमचं वर्ष वाचेल.