बैठं काम

निकालाची नक्कल गौसियाने तिसऱ्यांदा वाचली. एक हात कागदावर, दुसऱ्यात लेक लुबनाच्या फ्रॉकचा घेर घट्ट धरलेला; नांदेडच्या वकिलांच्या टेबलफॅनला जाळी नव्हती, आणि पोरीचं लक्ष तिथंच होतं.

अहमदपूरजवळ लातूरच्या क्लासची पोरं कोंबलेली जीप तिच्या नवऱ्याच्या, तय्यबच्या सायकलवर आली आणि त्याचा उजवा पाय कामातून गेला. भरपाई मात्र मागितली त्याच्या चौथाईच मिळाली. अपिलाच्या नव्वद दिवसांतले अकरा उरलेत, हे गौसियाला पाठ होतं.

"कारण काय लिहिलंय, भाभी?" अपिलासाठी धरलेले नवे वकील वीरभद्र यांनी विचारलं.

"अर्जदार शिंपी आहे, त्याचं काम बैठं, म्हणून पाय गेल्याने फारसं नुकसान नाही. आणि हे कोर्टात सांगितलं कुणी? आमच्या ह्यांनीच!"

तय्यब खिडकीबाहेर बघू लागला. विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं होतं, "काम बसूनच ना?" याने छाती फुगवून सांगितलं, "हाव साहेब. नवाबासारखं बसून."

"अजी नवाबसाहेब, मशीन पायानं चालते, तेवढं सांगायचं राहिलं का?"

"त्यानं विचारलंच न्हाई."

वकील हसले. "मग आता प्रतिज्ञापत्र द्या. पाय नाही, म्हणून मशीन बंद."

"बंद कशी? चालू हाय की!"

गौसियाने नक्कल टेबलावर आपटली. "चालवतं कोण?"

गळ्यात टेप अडकवून दुकानात मापं घ्यायला तय्यब, आणि पडद्यामागे मशीनवर गौसिया. तीही लुबना झोपेल तेवढाच वेळ. आठवड्याला जेमतेम दोन शर्ट. बाजारात हे कुणालाच माहीत नव्हतं.

"सांगा ना. पोरीचं पुढचं सगळं यावरच आहे," गौसिया म्हणाली.

तय्यबने लुबनाकडे पाहिलं. मग घसा खाकरला. "लिहा वकीलसाहेब. मशीन बायको चालवते. कटिंग मात्र माझीच."

"ते नका लिहू," गौसिया घाईने म्हणाली. "ते म्हणतील, कटिंग करतो, म्हणजे ठणठणीत आहे."

"बरं. तिला शिकवलं मी, एवढं तरी?"

वकिलांनी गौसियाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. "लिहा. खरंच आहे ते."

"आणि कॉलर अजून वाकडी लावते," असं म्हणत तय्यबने सहीसाठी पेन मागून घेतलं.